नाबरांनी पाठ केलेला तक्ता

बुधवारी सकाळी दात घासता घासता हेमचंद्र नाबर यांनी एक निर्णय घेतला. डोळे तपासून घ्यायला जायचेच असेल, तर अभ्यास करून जायचे.

निर्णय तसा लहान होता. परंतु ज्यांना नाबर ठाऊक आहेत त्यांना तो अगदी स्वाभाविक वाटेल. मॅट्रिकनंतर त्यांची शाळा सुटली ती कायमची. पुढचे सारे शिक्षण त्यांनी एका जहाज कंपनीतील कारकुनी सांभाळून, ग्रंथालयाच्या बाकावर बसून, स्वतःच स्वतःला दिले होते. (शिक्षक आणि परीक्षक दोन्ही स्वतःच असल्यामुळे ते कधी नापास झाले नव्हते.) अशा मनुष्याला उतारवयात कोणी भिंतीकडे बोट दाखवून ‘वाचा’ म्हणावे आणि त्याला वाचता येऊ नये, ही कल्पनाच त्यांना सहन होण्यासारखी नव्हती.

तपासणीचा विषय घरात निघाला त्याला कारण भाऊसाहेब झाले. हे भाऊसाहेब एका कादंबरीतले. गिरगावातल्या नाबरांच्या चाळीत तळमजल्यावर गणेशोत्सव मंडळाची खोली आहे. तेथे रोज संध्याकाळी नाबर एखादे जाडजूड पुस्तक मोठ्याने वाचीत आणि चाळीतील वडीलधारी मंडळी भिंतीला पाठ लावून ऐकत. आयुष्यात त्यांना पदवी मिळाली नाही, बढती एकदाच मिळाली, परंतु या खुर्चीवर बसले की आपण कोणीतरी आहोत असे त्यांना वाटे. हल्ली मात्र अक्षरे नीट लागत नव्हती. त्याला छपाई जबाबदार आहे, असे त्यांचे मत होते. शाई पातळ झाली आहे, कागद पिवळा झाला आहे आणि मंडळाचा वर्गणीतून घेतलेला दिवा उजेडापेक्षा आवाज अधिक करतो, ही कारणे त्यांनी वेळोवेळी जाहीरही केली होती. जेथे ओळ दिसत नसे तेथे ते स्वतःच्या पदरचे एखादे वाक्य घालून पुढे जात.

“अहो,” मंगळवारी रात्री पान वाढताना नलूताई म्हणाल्या, “त्या भाऊसाहेबांना परवा अग्नी दिलात ना तुम्ही?”

“दिला. फार हृदयस्पर्शी प्रसंग होता तो.”

“मग आज ते ओसरीवर बसून चहा कसे प्यायले?”

नाबरांनी आमटीत बोट बुडवून थोडा वेळ काढला. “ती आठवण असावी. लेखक काही वेळा मागे जातात.”

“लेखक नाही गेला. मी आत्ता पुस्तक उघडून बघितलं. भाऊसाहेब मेलेलेच आहेत. तुम्हीच त्यांना चहा पाजलात.” नलूताईंनी कारल्याची भाजी पुढे सरकवली. “डोळे दाखवून या. नाहीतर उद्यापासून पुस्तक मी लपवून ठेवीन.”

श्रोत्यांपैकी कोणीही हरकत घेतली नव्हती, याकडे नाबरांनी त्यांचे लक्ष वेधले. त्यावर नलूताईंनी कारल्याची भाजी आणखी एकदा वाढली. त्याला होकार म्हणता आले नसते.

येथे हेही सांगितले पाहिजे की नाबरांना बरीच वर्षे मधुमेह होता, आणि मधुमेहाच्या बाबतीतही त्यांची पद्धत विद्यार्थ्याचीच होती. रक्त तपासण्याची तारीख जवळ आली की ते कारल्याचा रस घेत, जिलबीकडे पाठ फिरवीत आणि सकाळी चौपाटीपर्यंत चालत जात. रक्त दिले, साखर चांगली आली, की परतीच्या वाटेवर पेढा. हा सराव इतका मुरला होता की त्यात काही लबाडी आहे असे त्यांना प्रामाणिकपणे वाटत नसे. परीक्षेच्या आधी अभ्यास करणे याला लबाडी कोण म्हणते?

दवाखान्यात रक्तही घेतील म्हणून कारल्याचा रस सुरू झालाच होता. राहिला डोळ्यांचा अभ्यास.

ठाकुरद्वारला विनीत नावाच्या तरुणाचे चष्म्यांचे दुकान आहे. नाबर तेथे गेले आणि भिंतीवरील इंग्रजी अक्षरांच्या तक्त्यासमोर, नाक तक्त्याला लागेल इतक्या अंतरावर उभे राहिले.

“काका, नंबर तपासायचाय का?” विनीतने विचारले.

“नंबर नको. मजकूर हवा आहे.”

“कसला मजकूर?”

“हाच. सर्व दवाखान्यांत हाच असतो ना?”

“बहुतेक हाच असतो. पण काका, तो वाचायचा असतो, पाठ नाही करायचा.”

“गीताही वाचायचीच असते,” नाबर म्हणाले, आणि त्यांनी तक्ता कागदावर उतरवून घेतला.

पुढचे काही दिवस चाळीच्या गॅलरीत विलक्षण पठण ऐकू येई. “ई. एफ, पी. टी, ओ, झेड. एल, पी, ई, डी.” नाबर येरझाऱ्या घालीत, डोळे मिटून म्हणत, अडले की पुन्हा वरून सुरुवात करीत. पलीकडच्या बिऱ्हाडातील रघु परब दाढी करता करता बाहेर आले. रघु मूळचे मालवणकडचे. वडिलांच्या जागी लालबागच्या गिरणीत लागले, गिरणी बंद पडल्यावर वॉचमन झाले आणि निवृत्तीनंतर मुलाकडे गिरगावात आले. नाबरांच्या वाचनाला त्यांचा एक दिवस चुकत नसे.

“काय ओ नाबर, नवीन मंत्र काय?”

“इंग्रजीचा सराव चालला आहे.”

“पण अर्थ काय लागत नाही.”

“याला अर्थ नाही, परब. याला फक्त क्रम आहे.”

“मग बरोबर, मंत्रच,” रघु म्हणाले आणि राहिलेला गाल करायला आत गेले.

शनिवारी नाबर पूर्ण तयारीनिशी दवाखान्यात निघाले. बरोबर नलूताई होत्या. गुडघा दाखवायचा म्हणून रघुही आले होते. खोताच्या वाडीच्या तोंडाशी असलेला हा दवाखाना पूर्वी अप्पा वागळे डॉक्टरांचा. आता त्यांची मुलगी डॉक्टर नूपुर तो चालवीत होती. नाबरांनी तिला फ्रॉकमध्ये पाहिलेले. परंतु पदवी ही पदवी, म्हणून ते तिला कटाक्षाने ‘डॉक्टरीणबाई’ म्हणत.

तिने आधी बोटातून रक्ताचा थेंब घेतला. साखर उत्तम आली. नाबरांनी नलूताईंकडे विजयी नजर टाकली.

“आता डोळे बघूया, काका. आत या, इथे हनुवटी टेकून...”

“एक मिनिट,” नाबर म्हणाले. परीक्षकाने प्रश्न विचारण्यापूर्वीच उत्तर द्यावे, म्हणजे छाप पडते, हे त्यांना अनुभवाने ठाऊक होते. त्यांनी आतल्या खोलीत पाऊल टाकले, ताठ उभे राहिले, उजव्या डोळ्यावर तळहात ठेवला आणि समोरच्या भिंतीवरील पांढऱ्या चौकोनाकडे रोखून पाहत खणखणीत आवाजात सुरुवात केली.

“ई. एफ, पी. टी, ओ, झेड.”

ते थांबले नाहीत. डावा डोळा झाकून तेच पुन्हा म्हणून दाखवले. शेवटची, मुंगीच्या पावलांएवढी ओळसुद्धा सोडली नाही. त्याखाली छापखान्याचे नाव होते तेही म्हणाले, आणि छापखान्याचा पत्ताही. (अभ्यास म्हणजे संपूर्ण अभ्यास, असा त्यांचा बाणा होता.)

खोलीत शांतता पसरली. ती आदराची असावी, असे नाबरांना वाटले.

“काका,” डॉक्टर नूपुर हळूच म्हणाली, “तो तक्ता मी दिवाळीतच काढला.”

“काढला? मग हे समोर काय आहे?”

उत्तर नलूताईंनी दिले. पदर सावरत त्या भिंतीजवळ गेल्या आणि त्यांनी तो फलक स्वच्छ मराठीत वाचून दाखवला. “कृपया पादत्राणे बाहेर काढावीत.” मग त्यांनी खाली पाहिले. “आणि चपला घालूनच उभे आहात.”

बाहेरच्या बाकावरून रघु परबांच्या खोकण्याचा आवाज आला. तो खोकला नव्हता.

नाबरांनी चपला बाहेर ठेवल्या. त्यांच्या चालण्यातील सगळा ताठपणा चपलांबरोबर बाहेरच राहिला. आत येऊन ते मुकाट्याने एका पांढऱ्या यंत्रासमोर बसले.

“यात काय विचारतात?”

“काहीच नाही. हिरव्या ठिपक्याकडे बघायचं, बस्स. हा कॅमेरा डोळ्याच्या मागच्या पडद्याचा फोटो काढतो आणि कॉम्प्युटर तो तपासतो.”

“आणि मी उत्तर कशाचे द्यायचे?”

“तुम्ही नाही द्यायचं. डोळा देईल.”

झगझगीत उजेड चमकला, एकदा, दोनदा. समोरच्या पडद्यावर एक नारिंगी गोल उमटला, ग्रहण लागलेल्या चंद्रासारखा, आणि त्यावर नदीनाल्यांसारख्या बारीक रेषा. आपला आतला भाग इतका देखणा असेल याची नाबरांना कल्पना नव्हती. ते बोलून दाखवणार तोच गोलावर लाल-पिवळ्या खुणा उमटू लागल्या.

“ही शुद्धलेखनाची तपासणी चालली आहे की काय?”

“तसंच समजा,” नूपुर म्हणाली. तिने खुर्ची जवळ ओढली. “काका, हा डावा डोळा. या ठिकाणी बारीक नसांतून पाझरलंय आणि मधल्या भागात सूज दिसतेय. साखरेने होतं हे. डोळ्यांच्या मोठ्या डॉक्टरांना लवकर दाखवायला हवं, असं कॉम्प्युटर म्हणतोय. मी फोटो बघितला, मलाही तसंच वाटतंय.”

“परंतु साखर तर आत्ताच उत्तम आली.”

“रक्त गेल्या चार दिवसांचं सांगतं. डोळा गेल्या कित्येक वर्षांचं सांगतो. डोळ्याला कारल्याचा रस पाजून फसवता येत नाही.”

नलूताईंनी दीर्घ श्वास घेतला. घेतलेला श्वास त्यांनी सोडलाही नाही, यावरून घरी काय वाट्याला येणार याचा नाबरांना अंदाज आला.

“आणि उजवा?” त्यांनी विचारले.

“उजव्याचा फोटो अस्पष्ट आला. कॉम्प्युटर म्हणतोय, मला दिसत नाही, माणसाने बघावं. मोतीबिंदू असणार.”

नाबर एकदम सावरून बसले. “म्हणजे यंत्रालाही अंधूक दिसते तर. मग मलाच का दोष?”

“त्याला अंधूक दिसलं तर ते तसं सांगतं, काका. तक्ता पाठ करून येत नाही.”

 नाबरांनी आक्षेप घेतला. “हे यंत्र शिकले कोठे? कोणत्या महाविद्यालयात? याची पदवी कोणती?”

“पदवी नाही. लाखो फोटो बघितलेत त्याने. कुठल्या फोटोत काय आहे ते आधी डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं. बाकी सगळं बघून बघून शिकलंय.” ती हसली. “म्हणजे तुमच्यासारखंच. बाकावर बसून वाचून वाचून.”

 आयुष्यभर ज्या प्रश्नाने लोकांनी नाबरांना खाली पाहायला लावले होते, तोच प्रश्न त्यांनी आत्ता एका स्वयंशिक्षित यंत्राला विचारला होता. परंतु माघार घेण्यापूर्वी एक शेवटचा डाव त्यांच्या हाती होता.

“परबांचाही फोटो काढा,” ते म्हणाले. “चहात साखर कमी पडली म्हणून हा मनुष्य वर पेढा खातो. यांच्या डोळ्यातही दोष निघाला, तर यंत्राला सरसकट सगळेच आजारी दिसतात असे सिद्ध होईल. नाही निघाला, तर...” पुढचे वाक्य त्यांनी तयार केलेले नव्हते.

रघु परब गुडघा धरीत आत आले, हनुवटी टेकवली, डोळे मोठे केले. कॉम्प्युटरने क्षणभर विचार केला. दोन्ही डोळे स्वच्छ.

“ऐकलात?” रघु म्हणाले. “आईने दिलेले डोळे. काय डाग नाय.”

“यंत्र पक्षपाती आहे,” नाबर म्हणाले. परंतु त्यांच्या आवाजात जोर नव्हता.

नूपुरने यंत्राची बाजू घेतली नाही, हे विशेष. “चुकतंही ते कधी कधी,” ती म्हणाली. “म्हणून तर सुजेवर इंजेक्शन द्यायचं की नाही ते दादरचे डोळ्यांचे डॉक्टर स्वतः बघून ठरवतील. या मशीनचं काम एवढंच, की कोणाला घाई आहे ते इथेच, आजच्या आज कळतं. अप्पा सांगायचे, जा, मोठ्या डॉक्टरांना दाखवा. निम्मे लोक जायचेच नाहीत. चष्मा बदलायचे, दिवा बदलायचे, छपाईला शिव्या घालायचे.”

छपाईचा उल्लेख तिने सहज केला की नलूताईंनी आधीच कानावर घातले होते, हे नाबरांना कधीच कळले नाही.

घरी आल्यावर नाबरांना भीती वाटू लागली.  संध्याकाळी खिडकीपाशी बसून त्यांनी कादंबरी उघडली आणि कोणी पाहत नाही असे पाहून उजवा डोळा हाताने झाकला. पानावरच्या ओळी मध्यभागी वाकल्या, जणू कोणी त्यांच्यावर बसून उठले होते. त्यांनी मान वर केली. समोरच्या इमारतीच्या खिडकीचे गजही तेथेच वाकले होते. गज काही छापखान्यात तयार होत नाहीत. मग त्यांनी डावा डोळा झाकला. आता सर्व जग ताकात बुडवल्यासारखे झाले.

“नलू,” त्यांनी हाक मारली.

त्या हात पुसत आल्या.

“डोळे गेले, तर मी काय करायचे? मला दुसरे काही येत नाही.”

नलूताई त्यांच्या शेजारी बसल्या. त्यांनी नाबरांच्या हातातले पुस्तक घेतले, खूण घालून मिटले आणि मांडीवर ठेवले. “गेले नाहीत अजून. नूपुर म्हणाली ना, लवकर दाखवा म्हणून. सोमवारी दादरला जायचं. आणि तिथे काही पाठ करून जायचं नाही.”

“नाही.”

“कारल्याचा रसही नाही. रोज कारल्याची भाजी.”

“ही शिक्षा झाली.”

“हो,” नलूताई म्हणाल्या.

दादरच्या डॉक्टरांनी डोळ्यांत थेंब घालून, दिवा लावून, स्वतः पाहिले आणि नूपुरच्या यंत्राने सांगितले तेच सांगितले. आणखी वर्षभर छपाईला दोष देत बसला असतात, तर डावा डोळा हातचा गेला असता, असेही ते म्हणाले. डाव्या डोळ्यात इंजेक्शने सुरू झाली. (डोळ्यात इंजेक्शन हे ऐकताना जितके भयंकर वाटते तितके घेताना नसते, परंतु नाबरांनी चाळीत ते ऐकताना वाटते तसेच सांगितले.) पुढे उजव्याचा मोतीबिंदू काढला. जिलबी सुटली. पेढा सुटला, म्हणजे निदान नलूताईंच्या देखत सुटला.

या काळात वाचन बंद होते, आणि त्याचा चाळीवर जो परिणाम झाला त्याने नाबर भारावून जात. रघु परब रोज येऊन चौकशी करीत. त्यांचे डोळे तांबारलेले असत.

“लवकर बरे व्हा ओ नाबर. तुमचं वाचन नाय तर आमचे फार हाल होतायत.”

“इतकी गोडी लागली तुम्हांला?”

“गोडी काय सांगू. काल रात्रभर तळमळलो.”

कोपऱ्यावरच्या खोलीतील कमलाबाईही गॅलरीत भेटल्या की तेच सांगत. साहित्य मनुष्याच्या इतक्या आत पोचते, हे नाबर जन्मभर म्हणत आले होते. आता त्याचा पुरावा त्यांच्या दारी रोज चालत येत होता. डॉक्टर नूपुरला त्यांनी तसे आवर्जून सांगितले. “बाई, तुमच्या यंत्राने केवळ माझे डोळे नाही, एका चाळीची अभिरुची वाचवली.” नूपुरने काहीतरी शोधण्याच्या निमित्ताने टेबलाखाली मान घातली.

आता ते यंत्राचे इतके अभिमानी झाले होते की जिन्यात भेटेल त्याला हिरव्या ठिपक्याकडे पाहण्यास धाडीत. त्यांच्या आग्रहाने चाळीतले बहुतेक मधुमेही दवाखान्यात जाऊन आले. त्यांतल्या दोघांना वेळेवर औषध सुरू झाले. कमलाबाईंच्या बाबतीत यंत्राने उगाचच शंका काढली आणि दादरच्या डॉक्टरांनी ती खोडली, तेव्हा नाबरांनीच यंत्राची बाजू घेतली. “चुकते म्हणूनच तर त्याच्यावर माणूस ठेवला आहे,” ते म्हणाले. “माझ्यावर कोणी ठेवला नव्हता म्हणून भाऊसाहेब चहा प्यायले.”

अखेर वाचन पुन्हा सुरू झाले. मंडळाची खोली तुडुंब भरली. नाबरांनी नवा चष्मा पुसला, कादंबरीचे शेवटचे प्रकरण काढले आणि पहिल्या ओळीपासूनच त्यांना जाणवले की अक्षरे कोरून ठेवल्यासारखी स्वच्छ आहेत. शाई काळीभोर होती. कागद पांढरा होता. छापखान्याची त्यांनी मनातल्या मनात क्षमा मागितली. आवाज आपोआप भरून आला. नायिका दाराशी उभी होती, बैलगाडी दृष्टीआड होत होती, आणि या ठिकाणी श्रोत्यांच्या डोळ्यांतले पाणी पाहावे म्हणून त्यांनी कित्येक महिन्यांत प्रथमच पुस्तकावरून मान वर केली.

आता त्यांना खोलीच्या पार शेवटपर्यंत दिसत होते.

रघु परबांची हनुवटी छातीवर टेकली होती. कमलाबाई शेजारणीच्या खांद्यावर कलल्या होत्या. पहिली रांग, दुसरी रांग, भिंतीकडची रांग, सर्वांच्या माना गव्हाच्या ओंब्यांसारख्या एका दिशेने लवल्या होत्या. खोलीभर संथ, समाधानी श्वास चालला होता.

नाबरांचा आवाज थांबला. त्या शांततेने रघु दचकून जागे झाले.

“थांबलात का ओ? आत्ता कुठे लागली होती.”

“परब, तुम्ही झोपला होतात.”

“मग? रात्रपाळीत जन्म गेला माझा, गोळीनेसुद्धा डोळा लागत नाय. वागळ्यांच्या नूपुरनेच सांगितलं, गोळी बंद करा, आठ दिवस नाबरांच्या वाचनाला बसून बघा. कमलाबाईंनासुद्धा तिनेच पाठवलं. ही सगळी तिचीच माणसं.” त्यांनी जांभई दिली. “तुमचे डोळे लवकर नीट करा म्हणून आम्ही तिच्या मागे लागलो होतो, ते काय उगाच?”

 नाबरांची नवी, स्वच्छ नजर दाराशी गेली. तेथे नलूताई बसल्या होत्या, टक्क जाग्या. त्यांना पाहून नाबरांच्या जिवात जीव आला. एवढ्या मोठ्या खोलीत एक श्रोता खरा होता, आणि तो आपल्याच घरचा होता.

“निदान तू तरी ऐकतेस,” ते म्हणाले.

“मला कुठलं ऐकायला होतंय,” नलूताई म्हणाल्या. “कोणी घोरायला लागलं की त्याला कोपराने हलवायचं असतं. तुम्हाला कळू नये म्हणून. वाचा पुढे.”